एसीचा गॅस भरला त्यानंतर

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत मी चांगला मुलगा म्हणून ओळखला जातो. कुणाचा पोरगा बापाला विचारेनासा झाला की त्याला माझं उदाहरण देतात. "बघ, त्यानं बापाला एसीत बसवलं, स्वतः वर पंख्याखाली घाम पुसत राहिला." मी मान खाली घालतो. लोकांना ती नम्रता वाटते. आता माझ्याही छातीला दोन जिने जड जायला लागलेत, तेव्हा हे एकदा लिहून टाकतो. कुणी माफ करावं म्हणून नाही. माफ करणारा उरलेला नाही.

बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचे पेळू करायचं ते खातं. पाळी सुटली की तिथली माणसं भुवया, पापण्या, नाकातले केस सगळं पांढरं घेऊन बाहेर यायची. संपानंतर गिरणीनं बाबांना परत घेतलं नाही, पण गिरणीतला कापूस त्यांच्या छातीत राहून गेला. साठीच्या आसपास छातीतून शिट्टी यायला लागली. बसले तरी यायची, झोपले तरी यायची. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती शिट्टी ऐकतच आम्ही जेवायचो.

दम गेला तरी जीभ गेली नव्हती. मालवणी माणूस, त्यात संपात पुढे असलेला. मी सेकंडहँड गाडी घेऊन पहिल्यांदा चाळीच्या पटांगणात उभी केली तेव्हा बायकोनं नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. बाबांनी गॅलरीतून विचारलं, "झिला, हिची आधीची मालकी कोणाची होती? मयताची गाडी म्हणून फिरवत होते काय?" सगळी गॅलरी हसली. मीही हसलो. बाबांच्या विनोदावर हसलं नाही की पुढचा विनोद आणखी खालच्या पट्टीतला यायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

त्या वर्षी वैशाख फार कडक होता. परळच्या हॉस्पिटलात बाबांना दाखवून परत आणताना मी गाडीतला एसी लावला. ते मागच्या सीटवर होते. वाटेत शिट्टी बंद झाली. मी घाबरून आरशात बघितलं, तर तोंड अर्धवट उघडं, झोपलेले. चाळ आल्यावर मी हाक मारली. डोळे न उघडता म्हणाले, "पाच मिन्टां थांब." तासभर थांबलो. इंजिन चालू, एसी चालू. मी स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांचा श्वास ऐकत होतो. त्या तासाबद्दल मी खोटं बोलणार नाही. त्या तासात मला बाबा आवडले होते.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते पंचा खांद्यावर टाकून खाली उतरले आणि गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. माझी ड्युटी तेव्हा दुपारी चारला सुरू व्हायची. एका बंद गिरणीच्या आवारात काचेची बिल्डिंग झाली होती, तिथं बसून मी परदेशातल्या लोकांची बिलं कॉम्प्युटरवर चढवायचो. त्यामुळे दुपारी मी घरी असायचो. गेलो खाली, गाडी चालू करून दिली. मग ते रोजचंच झालं. जेवण, पंचा, थाप.

आठवडाभरात बाबांनी आपल्याबरोबर दोन दोस्तांनाही आणलं. एक त्यांच्याच खात्यातला, एक त्रासन खात्यातला, म्हणजे सूत कातायच्या खात्यातला. दोघांचीही छाती बाबांसारखीच. तिघं मिळून खोकायचे. पुढच्या सीटवर बाबा, मागे हे दोघे, प्रत्येकाच्या हातात थुंकायला नारळाची करवंटी. चाळीतली पोरं काचेला नाक लावून बघायची. बायका पाण्याला जाताना म्हणायच्या, "दरबार भरला वाटतं." सीटला बाम, तंबाखू आणि आजाराचा वास लागला. बायकोला घेऊन दादरला खरेदीला गेलो की ती आधी पाच मिनिटं दारं उघडी ठेवायला लावायची. बोलायची काही नाही. ती सासऱ्याबद्दल कधीच काही बोलली नाही, त्यामुळे तिच्या मनात काय आहे याचा मी नेहमी वाईटच अर्थ काढला.

पण वासाचं मला तितकं नव्हतं. गाडीत बसल्यावर, जरा गार वाटल्यावर, बाबांना जुन्या गोष्टी सुचायच्या. आणि त्यांची सगळ्यात आवडती जुनी गोष्ट मी होतो.

ती गोष्ट अशी. संपाचं वर्ष. मी सहावीत. संप चिघळत गेला तसं घरातलं एकेक भांडं गेलं आणि आम्ही पेजेवर आलो. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, कधी आई त्यात सुकटीचे दोन दाणे टाकायची. आमच्या गॅलरीतल्या शेवटच्या खोलीतला माणूस मात्र पोलिसांच्या बंदोबस्तात कामावर जायला लागला. संपफोड्या. चाळीनं त्या घराशी बोलणं टाकलं. नळावर त्याच्या बायकोचा हंडा सगळ्यात शेवटी लागायचा, आणि कधी कधी पाणी जाईपर्यंत लागायचाच नाही. हे ठरवणाऱ्यांत बाबा होते.

त्या खोलीतून एका दुपारी बांगड्याच्या तिखल्याचा, त्या तिखट घट्ट कालवणाचा, वास आला. मी दारावरून गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. त्या बाईनं मला बघितलं. "ये, जेव," एवढंच म्हणाली. मी आत जाऊन भात आणि तिखलं खाल्लं. हात चाटला. बाहेर आलो तर गॅलरीत बाबा उभे.

त्यांनी मारलं नाही. मानगुटीला धरून मला कठड्यापाशी नेलं, सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलावलं, आणि म्हणाले, "ओक." मी रडायला लागलो. "ओक म्हटलंय, ओक." मग त्यांनी स्वतःची दोन बोटं माझ्या घशात घातली. गिरणीच्या कामानं घट्टे पडलेली बोटं. भात आला, मासा आला, शेवटी नुसतं कडू पाणी आलं तरी बोटं निघाली नाहीत. त्या बाईच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. माझी आई नंतर बादली घेऊन आली आणि गॅलरी धुतली. पुढे महिन्याभरात ते कुटुंब चाळ सोडून गेलं. कुठं गेलं, कुणी विचारलं नाही.

हीच गोष्ट बाबा पुढे विनोद म्हणून सांगत राहिले. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितली. माझ्या मुलीच्या बारशाला सांगितली. "आमच्या चाळीत संपात पयलो फुटलो तो ह्योच, माझो झील! बांगड्याक भुललो! पण मी काय सोडलंय? काटोसुद्धा भायर काढलंय!" लोक पोट धरून हसायचे. बाबा गोष्ट सांगायचेही फार सुंदर. त्या बाईचा आवाज काढायचे, माझं हात चाटणं दाखवायचे.

तर असं चाललेलं असताना एसीची हवा कमी गार लागायला लागली, आणि एका दुपारी नुसती गरम यायला लागली. मी बॉनेट उघडलं. नळ्यांच्या जोडावर साबणाचा फेस लावून बघितला, घरातला सिलिंडर तपासतो तसा. एका ठिकाणी बारीक बुडबुडे येत होते. मी बाबांना सांगितलं, गॅस उडालाय.

बाबा पंच्यानं वारा घेत म्हणाले, "म्हणजे तुझ्या गाडीक माझोच दमो लागलो रे!" दोघे म्हातारे खोकेपर्यंत हसले. मग विचारलं, "कधी भरतलंस?"

मी म्हटलं, बघतो. खरं तर मला सुटल्यासारखं झालं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून जिन्यात, नळावर, वाण्याकडे, जो तो विचारायला लागला. "काय रे, बाबांचा एसी बंद पडला म्हणे?" बाबांचा एसी. आणि वर खोलीत ती शिट्टी. उकाडा वाढत होता. बाबा उशीला टेकून बसायचे, झोपता येत नव्हतं. हे दिसत होतं मला. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

शेवटी ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानातून गॅसचा डबा, त्याला लागणारी दाबाच्या काट्याची नळी आणि जोडाचं रबर घेऊन आलो. दुकानदारानं दोनदा बजावलं, डबा उलटा धरू नको, हातात फडकं ठेव. गॅरेजमध्ये न्यायला हवी होती, पण मला ते चाळीसमोर करून दाखवायचं होतं. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

रविवार होता. पटांगणात ही गर्दी. मी जुनं रबर काढून नवं घातलं, नळी जोडली, गाडी चालू केली, एसी आणि पंखा फुल्ल, चारी दारं उघडी. डब्याचा कॉक फिरवला. डबा हळूहळू गार पडत गेला, मग त्याच्यावर पांढरं दव धरलं. पोरं बोटं लावायला पुढे झाली, मी हाकललं. थोड्या वेळानं बॉनेटखाली टक् असा आवाज झाला आणि इंजिनचा सूर जरा जड झाला. गॅस धरला होता. आतून बाबा ओरडले, "इली! इली रे! गार इली!"

खरंच आली होती. मी दारातून हात घालून जाळीसमोर धरला. बोटं आखडतील अशी गार हवा. मी काट्यावर दाब बघितला, कॉक बंद केला, नळी काढली. बायको गॅलरीतून बघत होती. मला फार छान वाटत होतं. मी वाकून ड्रायव्हरच्या बाजूनं आत आलो, दारं लावून घेतली. मागे दोघे दोस्त बसलेच होते. खालच्या मजल्यावरचे, वरच्या मजल्यावरचे काचेतून डोकावत होते. मला वाटलं, आता बाबा काहीतरी म्हणतील.

म्हणाले. मागे वळून दोस्तांना म्हणाले, "जमला हेका! नायतर आमच्या ह्याका काय जमता? खाऊक जमता! बांगड्याची गोष्ट सांगलंय मा तुमका?"

"सांगलंस रे, शंभर वेळा," मागून एक म्हणाला, पण हसतच.

"परत ऐका," बाबा म्हणाले, आणि त्यांनी काच थोडी खाली केली, बाहेरच्यांनाही ऐकू जावं म्हणून. बाहेर माझी मुलगी उभी होती. आठ वर्षांची. तिला समोर ठेवून त्यांनी सुरू केलं. वास. दारावरून फेऱ्या. ये, जेव. हात चाटणं त्यांनी दाखवलं तेव्हा मुलगी खुदकन हसली. मग दोन बोटं वर करून त्यांनी माझ्या तोंडाजवळ आणली.

एसीचं बटण माझ्या गुडघ्याजवळ होतं. दाबलं की त्यात छोटा हिरवा दिवा लागायचा. मी बटण दाबलं. दिवा विझला. पंखा तसाच घुं घुं चालू राहिला.

बाबांनी ते बघितलं. कित्येक दुपारी त्या दिव्यासमोर काढलेला माणूस, त्यांना माहीत होतं दिवा गेला म्हणजे काय. त्यांची दोन बोटं अजून वर होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी गोष्ट पूर्ण केली, काट्यापर्यंत. सगळे हसले. त्यांनी काच वर केली, मान मागे टाकली, आणि मोठ्यानं म्हणाले, "काय गार लागता रे!"

मी उतरलो आणि वर निघून आलो.

आता यात समजायला कठीण काही नाही. हात लांब केला असता तर बटण त्यांच्या बोटाला लागलं असतं. किंवा मला नुसतं म्हणाले असते, लाव रे. मी लावला असता. असं मी स्वतःला सांगत आलोय. मला हवं होतं ते एवढंच, की त्यांनी एकदा माझ्याकडे मागावं. आणि बाबा मागणारे नव्हते. त्यांनी आयुष्यात मागणी एकदाच केली होती, ती गिरणीकडे, ती मान्य झाली नाही, आणि तरी परत घ्या म्हणायला ते कधी गेटवर गेले नव्हते. माझ्याशीही त्यांनी तेच केलं.

दुसऱ्या दिवशी जेवण, पंचा, बॉनेटवर थाप. मी खाली गेलो, गाडी चालू केली, पंखा लावला. बटण दाबलं नाही. बाबांनी काचा वर केल्या. मी वर येऊन गॅलरीतून बघत उभा राहिलो. पत्र्यावर ऊन, आत पंख्याची गरम हवा. बाबा डोळे मिटून बसले होते. शर्ट छातीला चिकटला होता. खालून कुणी विचारलं, "काय बाबा, गार आहे ना?" त्यांनी काचेआडून हात हलवला, एकदम मस्त म्हणून.

मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते घामानं भिजत होते आणि मला बरं वाटत होतं.

दोस्तांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी त्रासन खात्यातला म्हातारा दार उघडून बाहेर पडला आणि पटांगणात उभा राहून ओरडला, "अरे भट्टीत बसवलंस मरे आमका! ह्याच्यापेक्षा आमचो जिनो बरो!"

बाबा आतून म्हणाले, "तुका गार सोसणा नाय. जा घराक, गोधडी घे."

"मी गोधडी घेतंय, तू राख हो!" तो म्हणाला आणि चालू लागला. दुसरा त्याच्या मागून गेला. ते परत आले नाहीत. बाबा एकटे बसायला लागले. रोज.

एका दुपारी बायको त्यांना चहा द्यायला खाली गेली. दार उघडलं आणि हात मागे घेतला तिनं, वाफ अंगावर यावी तसा. वर आली ती तडक माझ्यासमोर. "अहो, एसी बंद आहे आत. दिवा लागत नाहीये. बाबा म्हणतात, मीच बंद केलाय, मला गार सोसत नाही."

मी गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होतो. म्हटलं, "नसेल सोसत."

"एवढ्या गरमीत?"

"त्यांना विचार ना."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघं सारखेच आहात." आणि आत गेली. तिनं नंतर खाली जाऊन बटण दाबलं नाही. का दाबलं नाही, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. तिच्या वाट्याचं तिच्याकडे असू दे.

असं वैशाख संपत आला तरी चाललं. बाबांची शिट्टी आता पटांगणात ऐकू यायची. जिना चढताना ते प्रत्येक वळणावर बसायचे. बायको म्हणायची, नका जाऊ आज. जायचे. मीही रोज मुकाट्यानं चावी घेऊन त्यांच्या आधी खाली जायचो. आमच्यात त्या दिवसांत एकही शब्द वाकडा झाला नाही. ती गोष्टही त्यांनी परत सांगितली नाही. म्हणजे मला जे हवं होतं त्यातलं निम्मं मिळालं होतं. तिथं थांबता आलं असतं.

एका दुपारी बॉनेटवर थाप मारून झाल्यावर त्यांना दार उघडता येईना. हँडलला हात लावून उभे राहिले आणि ओठ निळे पडायला लागले. मी ओरडलो, बायको धावत आली. आम्ही दोघांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, ती मागे बसून त्यांचा खांदा धरून राहिली. मी गाडी बाहेर काढली. पहिलं काम काय केलं तर बटण दाबलं. दिवा लागला. पंखा फुल्ल केला, जाळी त्यांच्या तोंडाकडे वळवली. गार हवा त्यांच्या कपाळावरचे केस उडवायला लागली.

बाबांनी डोळे उघडले. दिव्याकडे बघितलं. मग डाव्या हातानं काचेचं हँडल चाचपलं आणि फिरवायला लागले. हातात जोर नव्हता. अर्धा फेरा, थांबायचे, पुन्हा अर्धा फेरा.

"बाबा, काच बंद ठेवा, गार जातंय बाहेर," मी म्हणालो.

ते फिरवत राहिले. मागून बायको म्हणाली, "त्यांना मोकळी हवा हवी असेल. राहू दे." काच पूर्ण खाली गेली. रस्त्यावरची गरम हवा, धूळ, बसचा धूर सगळं आत आलं. त्यांनी तोंड बाहेरच्या बाजूला केलं आणि माझ्याकडे पाठ करून श्वास ओढत राहिले. मी एसी बंद केला नाही. तो तसाच चालला होता, हॉस्पिटलच्या गेटपर्यंत, आणि सगळा गारवा खिडकीतून रस्त्यावर जात होता. मी मधेच एकदा म्हटलं, "बाबा, काही हवंय का?" त्यांनी मान हलवली नाही. ऐकू गेलं नसेल असं नाही. त्यांचे कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात काही राहिलंच नव्हतं, आज ना उद्या होणारच होतं. हे मी लोकांना सांगत असतो. खरंही आहे. वैशाखात रोज त्या पत्र्यात बसल्यानं त्यात किती भर पडली, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

तेराव्याला खोली भरली होती. सगळे एसीचंच बोलत होते, मुलगा कसा रोज चावी घेऊन खाली जायचा ते. त्रासन खात्यातला तो म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. सगळ्यांचं ऐकून घेतलं त्यानं. शेवटी मला विचारलं, "शेवटाक काय बोललो रे तो? काय मागल्यान?"

सगळे माझ्याकडे वळले. सगळ्यांना ऐकायचं होतं. बायको दारात पोळ्यांची परात घेऊन उभी होती, ती हॉस्पिटलात रात्रभर माझ्याबरोबर होती.

"पाणी मागितलं," मी म्हणालो. "माझ्या हातून प्यायले."

बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, नशीबवान. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं पान पुढे ओढून घेतलं. बायकोनं सगळ्यांच्या पानात पोळी वाढली, माझ्याही वाढली, आणि माझ्याकडे न बघता पुढच्या पानाकडे गेली.

बाबांनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं.